समोरच्याची कंपनी

सकाळी 6.45

एवढ्या सकाळी फोन वाजला की आमच्या घरात सगळ्यांना कळतं, राहुरीकडचे गुरुजी असणार. शाळेची घंटा व्हायच्या आत त्यांना एकच विचारायचं असतं, "भाऊ, कंपनीचं काही आलं का?"

कंपनी म्हणजे गुरुजींची नव्हे, समोरच्याची. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला आणि त्याच पंधरवड्यात नगर-मनमाड रस्त्यावर दिवेलागणीला उसाची डबल ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर आडरस्त्यावरून थेट हायवेवर आला. गुरुजींच्या 2011 सालच्या गाडीची डावी बाजू चेपली. माणसं वाचली. बोनेट, रेडिएटर, डावीकडचा हेडलाइट, दार, खालचा आर्म असं मिळून गॅरेजचं बिल झालं 68,400 रुपये. गाडी जुनी म्हणून गुरुजी फक्त थर्ड पार्टी विमा भरत होते, म्हणजे स्वतःच्या कंपनीकडून एक रुपया यायचा नाही. ट्रॅक्टरचा विमा मात्र चालू होता. एम-परिवहनवर नंबर टाकला, कंपनीचं नाव कळलं, आणि तेव्हापासून गुरुजींनी मेल लिहायला घेतले. शुद्धलेखनाची एक चूक नसलेले मेल. उत्तर नाही. कॉल सेंटरवाला म्हणतो, "तुमचा पॉलिसी नंबर सांगा." गुरुजी म्हणतात, "पॉलिसी माझी नाही, ज्यानं मला ठोकलं त्याची आहे." तिथं फोन संपतो.

मी वकिलाचा कारकून. आमच्या मॅडम नगरच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताच्या भरपाईची कामं चालवतात. कायदा त्या बोलतात, कागद मी आणतो. गुरुजींना मी पुन्हा तेच सांगितलं: कंपनीचा करार ट्रॅक्टरमालकाशी आहे, तुमच्याशी नाही. तुमच्या मेलला उत्तर दिलं नाही म्हणून तिला कोणी काही विचारत नाही. तिला बोलायला लावणाऱ्या गोष्टी दोनच. एक, ट्रॅक्टरमालकानं स्वतः दिलेली अपघाताची खबर. दुसरी, मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस. आज मी या दोन्हींच्याच मागे आहे.

सकाळी 7.40

तारकपूर स्टँडवरून शिर्डीकडची एसटी. विळद घाट उतरेपर्यंत दोन उसाचे ट्रॅक्टर मागं टाकले. एकाच्या मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर होता, दुसरीला नुसतं पोतं बांधलेलं. जिल्ह्यात पहिला सहकारी कारखाना 1950 साली प्रवरेला उभा राहिला, तेव्हापासून थंडीचे चार-पाच महिने हे रस्ते उसाचे असतात. आमच्याकडे वाहनाच्या नुकसानीची जी कामं येतात त्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीची बरीच, आणि त्यात एक खास नगरी गुंता असतो. कायद्यानं ट्रॉली हे वेगळं वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी, विमाही वेगळा. ट्रॅक्टरचा विमा लोक भरतात कारण त्याशिवाय कारखाना वाहतुकीच्या करारात घेत नाही. ट्रॉलीचा भरतातच असं नाही. मग कंपनीचे वकील म्हणतात, धडक ट्रॉलीची, ट्रॉलीचा विमा आमच्याकडे नाही, आम्हाला सोडा.

म्हणून आज मला पंचनाम्यातली एक ओळ हवी आहे. ठोकलं कशानं?

सकाळी 9.00

पोलीस ठाणं. कुठलं, ते सांगत नाही. ठाणे अंमलदारांनी ओळखलं, चहाही विचारला, पण पंचनाम्याची प्रत "साहेबांच्या सहीला" आहे. बसलो.

फक्त गाडीचं नुकसान झालेलं असलं, कोणाला लागलेलं नसलं, की पोलिसांचा पहिला सल्ला असतो, "आपसात मिटवा." त्यांचंही चूक म्हणता येत नाही, त्याच रात्री त्यांच्याकडे मरणाची दोन कामं असतात. पण या मिटवामिटवीत एक कागद लिहिला जातो: "आमची एकमेकांविरुद्ध काही तक्रार नाही." खाली दोघांच्या सह्या. पाच हजार रुपये हातात पडतात, लोक घरी जातात, आणि महिन्यानं गॅरेजचं खरं बिल आलं की आमच्याकडे येतात. मॅडम तो कागद वाचून चष्मा काढून ठेवतात. समोरच्या वकिलाला त्याहून चांगला पुरावा लागत नाही.

गुरुजींनी सही केली नव्हती. पैसेही घेतले नव्हते. वर मोबाइलवर फोटो काढले होते: ट्रॅक्टरचा नंबर, रस्त्यावरच्या काचा, दोन्ही वाहनं जिथं थांबली ती जागा आणि मागं किलोमीटरचा दगड. गुरुजींच्या मेलपेक्षा हे फोटो शंभरपट कामाचे आहेत. फक्त ते कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, पूर्वी ज्याला 65-ब म्हणायचे ते. म्हणून मोबाइल बदलू नका, असं मी गुरुजींना पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दहाला प्रत मिळाली. उभ्या उभ्या वाचली. "...ट्रॅक्टरच्या पुढील उजव्या चाकाची व बंपरची धडक मोटारकारच्या डाव्या बाजूस बसून..." ट्रॅक्टरची धडक. ट्रॉलीची नाही. बास.

सोबत चालकाच्या लायसनची प्रत मागितली. मोटार वाहन कायद्याचं कलम 160 असं आहे की भरपाई मागणाऱ्यानं मागितल्यावर अपघातातल्या वाहनाचा नंबर, मालक-चालकाचं नाव-पत्ता आणि विम्याची माहिती पोलिसांनी किंवा आरटीओनं द्यायची. विनंती करताना हे कलम अर्जात लिहिलेलं असलं की आवाज चढवावा लागत नाही. लायसन हलक्या मोटार वाहनाचं निघालं. पूर्वी यावर कंपन्या बराच वाद घालायच्या. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं रंभादेवीच्या खटल्यात साडेसात हजार किलोच्या आतल्या वाहतूक वाहनाला हे लायसन चालतं असं सांगितलं. तरी दोन ट्रॉल्या उसानं भरलेल्या, वजन काय होतं, हा प्रश्न ते काढतीलच. काढोत. लायसनवरून कंपनीचा वाद मान्य झाला तरी 2004 च्या स्वर्ण सिंग निकालापासून न्यायालयं बहुधा असं करतात: कंपनीनं आधी जखमी-नुकसानवाल्याला द्यावं, मग आपल्या ग्राहकाकडून वसूल करावं.

सकाळी 11.20

परत नगर. कोर्टात जायच्या आधी गॅरेजवर. गुरुजींनी गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे टाकली, म्हणून बिल कमी झालं आणि म्हणूनच आमचं काम वाढलं. मिस्त्रीनं दिलेला कागद म्हणजे वहीचं पान, त्यावर "पुढचं सगळं काम 68,400." बाकी कोरं.

"दादा, यावर कोर्ट काय देणार? पार्टचं वेगळं लिहा, मजुरीचं वेगळं, डेंटिंग-पेंटिंगचं वेगळं. पार्ट जिथून आणले त्या दुकानाची जीएसटीची बिलं जोडा."

"देतो की. पण मला कोर्टात बोलवू नका."

हेच सगळ्यात अवघड. बिल नुसतं दाखल करून पुरत नाही, ज्यानं लिहिलं त्यानं पिंजऱ्यात येऊन "हे माझं बिल, हे काम मी केलं" म्हणावं लागतं. मिस्त्री चार तास कोर्टात बसला की त्याच्या दुकानातली लिफ्ट रिकामी राहते आणि उलटतपासात कोणीतरी त्याला विचारतं, तुम्ही आयटीआय केलंय का. तो येत नाही म्हणून चांगली कामं अर्ध्या रकमेवर बसलेली मी पाहिली आहेत. मी त्याला तारीख पडली की आदल्या दिवशी फोन करीन, सकाळी पहिल्या हाकेला साक्ष लावून घेऊ, एवढं कबूल केलं. मोडलेले पार्ट फेकू नका असंही सांगितलं. ते अजून मागच्या पत्र्याखाली आहेत. चेपलेला आर्म हातात घेतला की धक्का किती होता ते न्यायाधीशांनाही दिसतं.

कोणी विचारेल, दुरुस्तीच्या आधी सर्व्हेअर बोलावला असता तर? बोलवावाच. परवानाधारक सर्व्हेअर आपले पैसे भरूनही आणता येतो आणि त्याच्या अहवालाला वजन असतं. पण ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे त्याला हे कोणी सांगत नाही.

दुपारी 12.30

न्यायालय. शिर्डीच्या एका टॅक्सीवाल्याचं काम बोर्डावर होतं. त्याची गोष्ट गुरुजींच्या उलट. त्याच्याकडे पूर्ण विमा होता. ट्रकनं मागून ठोकल्यावर त्याच्या स्वतःच्या कंपनीनं घसारा कापून दुरुस्तीचे पैसे दिले. प्लास्टिक आणि रबरी भागांवर निम्मी कपात, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. पण गाडी 26 दिवस गॅरेजला उभी होती, साईबाबांच्या गावात, आणि तीही डिसेंबरच्या सुट्ट्यांत. हप्ता चालू, धंदा बंद. हे बुडालेलं उत्पन्न त्याची स्वतःची पॉलिसी भरत नाही. ते मागायचं ट्रकच्या कंपनीकडून.

ट्रकच्या कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात अपेक्षित मार्ग धरला. पैसे मिळाले तेव्हा "पूर्ण समाधानाने स्वीकारले" अशा व्हाउचरवर सही केली ना? केली. तुमच्या कंपनीला वसुलीचे हक्क लिहून दिले ना? दिले. मग आता पुन्हा कशाचे मागता? टॅक्सीवाला गडबडला. मॅडमनी फेरतपासात एकच विचारलं, "त्या व्हाउचरमध्ये धंद्याच्या नुकसानीचा एक रुपया होता का?" नव्हता.

आपल्या कंपनीनं भरलेला तोच खर्च पुन्हा समोरच्याकडून घेता येत नाही, हे बरोबरच आहे; त्या रकमेची वसुली आता ती कंपनी करील, तिला हवी तर. पण तिनं कधी न भरलेलं नुकसान वेगळं. टॅक्सीवाल्याची अडचण दुसरीच आहे. ट्रिपा रोखीत, डायरी नाही, हॉटेलवाल्यांशी तोंडी हिशेब. 26 दिवसांचं उत्पन्न सिद्ध कशानं करायचं? बँकेचं पासबुक, परमिट आणि आधीच्या वर्षाचं आयकर विवरण एवढंच हाताशी. बघू. पुढची तारीख पडली.

दुपारी 2.00

डबा. मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी. जेवताना बार रूमच्या बाहेर एका ज्युनिअरनं विचारलं, की गाडीच्या नुकसानीची कामं इतकी कमी का येतात. जुने लोक हसले.

ती गंमत कायद्याच्या जुन्या आकड्यांत आहे. 1939 च्या मोटार कायद्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी विमा कंपनीची सक्तीची जबाबदारी एकेकाळी 2,000 रुपये होती. 1988 च्या नव्या कायद्यात ती 6,000 होती. आज 6,000 मध्ये बऱ्याच गाड्यांचा एक हेडलाइट येत नाही. पॉलिसीच्या ठराविक नमुन्यात मात्र मोटारगाडीसाठी ही मर्यादा साडेसात लाख आहे, दुचाकीसाठी एक लाख, आणि लोकांना हे ठाऊकच नसतं. पुन्हा, थोडा हप्ता वाचवायला मर्यादा 6,000 वरच ठेवायचा पर्यायही पॉलिसीत असायचा, तो घेणारे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात: वरची रक्कम मालकाच्या खिशातून. म्हणून समोरच्याची पॉलिसी हाती आली की मी आधी ती ओळ शोधतो.

दुसरं कारण म्हणजे लोक चुकीच्या दारात जाऊन दमतात. कोणी विमा लोकपालांकडे जातो. पुण्याला त्यांचं कार्यालय आहे, काम चांगलं, अर्जाला फी नाही. पण ते फक्त तुम्ही आणि तुमची स्वतःची कंपनी यांच्यातलं भांडण ऐकतात. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलचंही तसंच. कोणी ग्राहक आयोगात जातो. समोरच्या कंपनीचे तुम्ही ग्राहकच नाही, आणि 1995 मध्ये तामिळनाडूतल्या एका एसटी महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की मोटार अपघाताची भरपाई हा न्यायाधिकरणाचा विषय आहे. या सगळ्यात महिने जातात. आणि कलम 166 प्रमाणे अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने. 1 एप्रिल 2022 पासून ही मुदत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे आणि नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की तूर्त कोणाचा अर्ज केवळ मुदत गेली म्हणून फेटाळू नका. पण अंतरिम ते अंतरिम. मॅडम त्यावर विसंबून कोणाचंच काम मागं ठेवत नाहीत.

दुपारी 3.15

विमा कंपनीचं कार्यालय. ट्रॅक्टरची तीच कंपनी. तिचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही कंपनीत हेच घडलं असतं. आत एक साहेब बसतात, निवृत्तीला आलेले, टेबलावर फायलींच्या दोन भिंती. मी गुरुजींच्या मेलचा विषय काढला.

"आले असतील. पण ठेवू कुठं? माझ्याकडे या अपघाताची फाइलच नाही. आमच्या इन्शुअर्डनं इंटिमेशनच दिलेलं नाही."

झालं, एवढंच आहे. बाहेरच्या माणसाला ही बेपर्वाई वाटते आणि काही अंशी ती आहेच; दोन ओळींचं "तुमचं पत्र मिळालं" लिहायला काय जातं? पण आतलं यंत्र असं चालतं: पॉलिसीधारकानं खबर दिली की क्लेम नंबर पडतो, नंबर पडला की फाइल, फाइल झाली की कोणावर तरी जबाबदारी. किंवा न्यायाधिकरणाची नोटीस आली की पॅनेलवरच्या वकिलाकडे काम जातं. तिसरी वाट यंत्राला माहीत नाही. फोन, मेल, ट्विटरवर टॅग, सगळं त्याच्या बाहेर.

साहेब मोकळे होते म्हणून विचारलं, अडुसष्ट हजारांचं काम असेल तर काय करता? ते म्हणाले, "वकिलाची फी, तारखा, माझा वेळ. कागद चोख असले तर लोकअदालतीत बसून संपवलेलं आम्हालाच परवडतं. पण आधी केस तर दाखल होऊ दे." लहान रकमेचा हा एक फायदा कोणी लक्षात घेत नाही. दहा लाखांच्या दाव्याला कंपनी शेवटपर्यंत लढते.

इथून निघताना त्यांच्याकडून मराठी खबर-अर्जाचा कोरा नमुना घेतला. ट्रॅक्टरमालकासाठी.

दुपारी 4.30

ऑफिस, सावेडी. पारनेरहून एक फोन: तीन वर्षांची गाडी, पार्किंगमध्ये पिकअपनं बंपर फोडला, 11,000 चं काम, पिकअपची कंपनी दाद देत नाही, केस करायची.

मॅडमनी त्याला पाच मिनिटांत वाटेला लावलं. स्वतःच्या पॉलिसीवर घ्या. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी आहे, तर सक्तीची 1,000 ची कपात सोडून बहुतेक सगळं मिळेल. तो म्हणाला, माझा नो क्लेम बोनस जाईल. जाईल. तीन वर्षांचा 35 टक्के झालाय, तो शून्यावर येईल आणि शिडी पुन्हा 20 टक्क्यांपासून चढावी लागेल. ते गणित मांडलं तर काहींना खिशातून करणंच स्वस्त पडतं. पण 11,000 साठी न्यायाधिकरणात जाऊन मिस्त्रीची साक्ष काढण्यात अर्थ नाही. आणि स्वतःच्याच कंपनीनं टाळाटाळ केली, तर मात्र लोकपाल आहेतच; तिथं तुम्ही हक्काचे.

आमचं एक काम गेलं. मॅडम असंच करतात. मला ते परवडत नाही, पण पटतं.

संध्याकाळी 5.40

ट्रॅक्टरमालक आले. गेले दोन आठवडे यांचा फोन लागत नव्हता. शेवटी गावातल्या सोसायटीच्या सचिवाकरवी निरोप गेला. पन्नाशीचे, टोपी, हातात कापडी पिशवी. दारातूनच म्हणाले, "मॅडम, मी पाच हजार आणलेत. मिटवून टाकू. कारखान्यात नाव जायला नको."

मॅडमनी मला बोलू दिलं.

"मामा, ट्रॅक्टरचा विमा भरता ना दरसाल?"

"भरतो की."

"मग पैसे तुम्ही का देता? ज्याला हप्ता दिला त्याला देऊ द्या."

"वकील म्हणाला, कंपनीला कळवलं तर आपलंच चुकलं असं होतंय."

हा गैरसमज सगळीकडे आहे. खबर देणं म्हणजे कबुली नव्हे. अपघात झाला हे कळवणं ही पॉलिसीची अटच आहे; कळवलं नाही तर उलट कंपनीला तक्रारीला जागा मिळते. मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं: आमच्या अर्जात सामनेवाले तीन. क्रमांक एक चालक, दोन तुम्ही, तीन कंपनी. निकाल लागला तर रक्कम तिघांवर. कंपनीनं काही फट काढून अंग काढलं तर मागं राहता तुम्ही, आणि न भरल्यास कलम 174 प्रमाणे ती जमीन महसुलासारखी वसूल होते. तलाठ्याच्या दप्तरात नाव येण्यापेक्षा कारखान्यात नाव गेलेलं परवडलं.

ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "ट्रॉलीचा विमा नाही. ते काढतील?"

"पंचनाम्यात धडक ट्रॅक्टरची आहे. पण पुढच्या हंगामाच्या आत ट्रॉलीचाही काढून घ्या, मामा. या वेळी वाचलात."

खबर-अर्ज मी भरला, त्यांनी वाचून सही केली. नगरचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, त्यांच्या आरसीवर अजून अहमदनगर. म्हणून पत्त्यात दोन्ही लिहिली, नाहीतर जुळत नाही म्हणून परत येतं. पाच हजार त्यांनी पिशवीत परत घातले. गुरुजींचा नंबरही मागून घेतला. अपघातानंतर लोक समोरच्या मालकाशी उभा दावा मांडतात. कंपनीच्या आत शिरायची किल्ली त्याच्याच खिशात असते, आणि पैसे कंपनीनं द्यावेत यात त्याचाही तुमच्याएवढाच फायदा असतो.

संध्याकाळी 6.50

पोस्टाचा लिफाफा तयार केला. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तरी आम्ही अजून "रजिस्टर एडी" म्हणतो. पोच मिळेल असं बघायचं, बाकी नाव काहीही द्या. उद्या सकाळी खबर-अर्जाची एक प्रत साहेबांच्या टेबलावर हाती देऊन शिक्का घ्यायचा, दुसरी पोस्टानं.

मग अर्जाची पक्की छपाई. न्यायाधिकरण निवडायला इथं अडचण नाही: अपघात जिथं झाला, अर्जदार जिथं राहतो किंवा धंदा करतो, नाहीतर सामनेवाला जिथं राहतो, कुठंही चालतं. पुण्याच्या घाटात ठोकलेल्या नगरकराला हे सांगितलं की त्याला फार बरं वाटतं. जोडकागद लावले: पंचनामा, आरसी, दोघांच्या पॉलिसीच्या प्रती, लायसन, फोटो आणि प्रमाणपत्र, बिलं. मिस्त्रीनं तासाभरापूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळी बिलं पाठवली होती. एक पार्टच्या दुकानाचं अस्पष्ट आहे, ते उद्या परत मागायचं. गाडीशिवाय गेलेल्या दिवसांचा रिक्षा-एसटीचा खर्चही गुरुजींनी तिकिटांसकट जपून ठेवलाय. शिक्षकाचं काम असं असतं. मॅडमनी तोही मागणीत घातला.

रात्री 8.15

गुरुजींचा फोन. "कंपनीचं काही आलं का?"

"नाही. पण मालकाची सही झाली, आणि उद्या अर्ज दाखल होतोय."

त्यांनी किती दिवस लागतील ते विचारलं. खोटं सांगितलं नाही: बेलिफ नोटीस बजावणार, कंपनीचे वकील म्हणणं द्यायला मुदत मागणार, एकदा तरी वाढवून घेणार. त्यानंतर राष्ट्रीय लोकअदालत आली की साहेबांच्या समोर बसता येईल. तिथं तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि तो निवाडा दोघांवरही अखेरचा. नाही झाली तर साक्षी-पुरावा.

"आणि निकाल आपल्या बाजूनं लागला तर ते वर जाऊन अडकवतील ना, संभाजीनगरला?" गुरुजींनी कुठूनतरी ऐकलं होतं.

तिकीट-भाड्यासकट त्यांची मागणी 74,150 रुपये आणि व्याज. वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर कलम 173 प्रमाणे न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर उच्च न्यायालयात अपील चालत नाही.